बामसिलचं रक्त

डॉक्टरांनी ग्यूसिकला तीन गोष्टींपासून लांब राहायला सांगितलं होतं. माती, ओलं गवत आणि गर्दी. चुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या सणाआधी पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायचा दिवस म्हणजे नेमकी या तिघांचीच जत्रा, आणि तरीही तो आला. तोंडावर मास्क, हातात हातमोजे, एवढ्या उन्हात अंगात स्वेटर. मेंगांच्या थोरल्या घराचा तो वारस. टेकडीवर पूर्वजांना दारूचा पहिला पेला ओतायचा मान त्याचा, आणि मान कसला, ड्यूटीच ती. चौसष्टाव्या वर्षापर्यंत एकदाच चुकली होती, लष्करात होता तेव्हा.

"गाडीतच बसायचं," त्याची बायको हेसुक दहाव्यांदा म्हणाली. "वर चढायचं नाही. पेला इथून ओता."

"इथून ओतला तर वर पोचेल का?"

"पोचेल सावकाश. त्यांना कुठे घाई आहे?"

तो हसला आणि हसताना हिरडीतून रक्त आलं. मास्क न काढताच त्याने ते गिळलं. हेसुकला कळलंच. इतर बायकांना कोबीचे भाव पाठ असतात तसे तिला नवऱ्याच्या प्लेटलेटचे आकडे पाठ होते. या आठवड्यात अकरा हजार. तिने खिडकीची काच वर केली आणि बाहेर बघत राहिली.

वसंतात निदान झालं होतं. हाडांतली मज्जा नीट रक्त बनवेनाशी झाली होती, आणि कुणाची निरोगी, जुळणारी मज्जा मिळाली तरच पुढचं पुढे. सोलच्या इस्पितळाने जनुकांची तपासणी केली तेव्हा आणखी एक निघालं. हा बिघाड कालपरवाचा नव्हता. एका जनुकातला दोष ग्यूसिक जन्मतःच घेऊन आला होता, आईकडून नाहीतर बापाकडून. एकुलती मुलगी दाइन, निदान आपली अर्धी जुळणारी मज्जा तरी चालेल म्हणून धावत गेली, तर तिच्यातही तोच दोष. अशा माणसाची मज्जा घेत नाहीत. आज ठणठणीत दिसली तरी उद्या तीही तीच वाट धरू शकते.

मग तिथल्या समुपदेशक बाईंनी एक कागद पुढे केला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरपी रेघ. कोण कशाने गेलं, भरून द्या. ग्यूसिक त्यासाठी घरून वंशावळीचा ग्रंथच घेऊन गेला होता, बत्तीस पिढ्यांचा. त्यात बघून त्याने सुवाच्य अक्षरात भरलं: वडील, एक्याऐंशीव्या वर्षी, पर्सिमनच्या झाडावरून पडून. आई, नव्वदाव्या वर्षी, झोपेत. भाऊ नाही. बहीण एक. बहिणीला बोलावून तपासलं, तर तिच्यात दोष नाही आणि तिची मज्जाही जुळत नाही. मग हे आलं कुठून, म्हणून डॉक्टर तीन महिने डोकं खाजवत बसले.

ग्यूसिकने एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. ग्रंथात होतं तेच लिहिलं होतं. फक्त तो सहा वर्षांचा असताना, थोरल्या घराला मुलगा नाही म्हणून, धाकट्या घराने आपला मुलगा भिंतीपलीकडे दत्तक दिला होता. त्या दिवसापासून ज्या बाईने त्याला जन्म दिला ती त्याची काकू झाली. मागाहून तिला आणखी एक मुलगा झाला, तो याचा चुलतभाऊ. गावातल्या कुत्र्यालाही हे माहीत होतं. पण मेंगांच्या घरात माहीत असलेलं सगळं बोलायचं नसतं, आणि इस्पितळाच्या कागदावर तर अजिबातच नाही.

तो चुलतभाऊ, जोंगसिक, पाठीवर गवत कापायचं यंत्र अडकवून सकाळपासून टेकडीवर शिट्टी वाजवत फिरत होता. वय सत्तावन्न. पलीकडच्या खोऱ्यात त्याची सफरचंदाची बाग. पोटात काही राहायचं नाही त्याच्या, लहानपणापासूनच. आणि गेले तीन आठवडे त्याने एक गुपित पोटात ठेवलं होतं, म्हणजे अक्षरशः आजारीच पडायची वेळ आली होती.

फवारणीचं नवं यंत्र बघायला जातो असं बायकोला सांगून तो दाइनबरोबर सोलला जाऊन आला होता. मज्जा जुळते का ते तपासायला रक्त दिलं होतं. गुरुवारी दाइनचा फोन आला. दहाच्या दहा खुणा जुळल्या, काका. सख्ख्या भावातही चारात एकालाच जुळतात. पुढे ती आणखी काही सांगत होती, जनुकाचा अहवाल अजून यायचाय, तो चांगला आला तरच, शनिवारी दुपारपर्यंत त्या बाई फोन करतील, तोवर कुणाला काही बोलू नका. जोंगसिकने 'दहा' एवढंच ऐकलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदा तो झाडाखाली एकटा उभा राहून रडला होता.

यंत्र बंद करून तो खाली गाडीपाशी आला आणि पाठ करून उकिडवा बसला.

"दादा, बसा पाठीवर."

"काय वेडाबिडा आहेस का? साठीचा तू."

"सत्तावन्न. बसता की पोत्यासारखं उचलू?"

हेसुक ओरडली, "त्यांना खरचटलं तरी रक्त थांबत नाही, भाऊजी!"

"पाडणार नाही, वहिनी. उतारावरून सफरचंदाचे क्रेट आणतो, एकाला डाग पडत नाही."

ग्यूसिक बसला. जोंगसिकने जोर लावून उठायची तयारी केली होती, आणि उठताना तो जवळजवळ पुढेच गेला, इतकं पाठीवर काही नव्हतं. वीस किलोच्या दोन क्रेटांपेक्षा थोडं जास्त असेल. त्याची शिट्टी तिथेच बंद झाली. तसाच तो पावलं जपत वर चढला.

टेकडीवर ओक्सिमने ताबा घेतलेलाच होता. ओक्सिम म्हणजे थोरल्या घराची खरी लेक, ग्यूसिकची कागदावरची ताई, वय एकाहत्तर. मुलगी म्हणून स्वतः तिला वंशावळीत जागा नाही. तिच्या जागी नवऱ्याचं नाव आहे. पण त्या ग्रंथाची राखण तिच्याइतकी कुणी केली नसेल. चटई कुठे अंथरायची, नासपती कुठल्या बाजूला, मासा कुठल्या बाजूला, सगळं तिला तोंडपाठ. आणि तेवढ्यात तिला धाकट्या घरची म्हातारी, जोंगसिकची आई, दिसली.

बामसिलवाली काकू. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. बामसिल गावची म्हणून बामसिलवाली, सत्त्याऐंशीव्या वर्षीही. कंबरेत इतकी वाकलेली की चालताना जमिनीशीच बोलते असं वाटावं. ती एका कडेला, नवऱ्याच्या थडग्याजवळ बसली होती आणि तिच्या मांडीवर एक पत्र्याचा डबा होता.

"काकू, काय आहे ते?"

"पीच. पाकातलं."

"पीच!" ओक्सिमने आभाळाकडे हात केले. "पूर्वजांच्या दारात पीच? अहो, पीच बघून आत्मे पळून जातात! कधी कुणी थडग्यापाशी पीच आणलंय?"

"पळू देत जरा," म्हातारी म्हणाली. "सगळे मिळून त्याच्या मानगुटीवर बसलेत. मी ते पूजेला नाही आणलं. आजारी माणसाला आणलंय. डॉक्टर ताजं फळ नको म्हणाले ना? डब्यातलं चालतं. मी दुकानात विचारलं."

"दुकानदार काय डॉक्टर आहे?"

"त्याची मुलगी आहे नर्स."

दाइनला हसू आलं. तिने खिशातला फोन पुन्हा बघितला. साडेअकरा. काही नाही. म्हातारीचंही रक्त तिने नेलं होतं, गुडघ्याच्या इंजेक्शनाला म्हणून तालुक्याला नेऊन. म्हातारीने बाही वर केली आणि म्हणाली होती, गुडघ्याचं औषध दंडातून कधीपासून जायला लागलं? पण पुढे काही विचारलं नव्हतं. सही करताना मात्र नीट चष्मा लावून कागद वाचला होता.

ग्यूसिकने थोरल्या घराच्या थडग्यांपुढे पेला ओतला, दोनदा वाकला. दुसऱ्यांदा उठताना हेसुक आणि जोंगसिक दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं. मग खालच्या ओळीतल्या थडग्याशी, ज्याला तो काका म्हणत आला होता त्याच्यापुढे, तो वाकला. त्या माणसाच्या अंत्यविधीत ग्यूसिक पुतण्यांच्या रांगेत उभा होता, तिसरा. मुलाच्या जागी एकटा जोंगसिक होता. रांगेतून एकदाही न हलल्याबद्दल तेव्हा सगळ्या गावाने ग्यूसिकचं कौतुक केलं होतं.

जेवायला चटयांवर बसले तेव्हा माक्कल्लीचे दोन वाडगे जोंगसिकच्या पोटात गेले, आणि ती तांदळाची दारू त्याच्या गुपितापेक्षा जड निघाली.

"दहापैकी दहा!" त्याने वाडगा खाली आपटला. "मी सांगणार. दाइन, डोळे वटारू नकोस. दादा, माझी मज्जा तुम्हाला जुळते. दहाच्या दहा. मी तपासून आलोय."

ग्यूसिकच्या हातात भाताची वाटी होती. ती त्याने हळूच खाली ठेवली.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"मी," दाइन म्हणाली. "मी नेलं त्यांना. बाबा, तुम्ही कागदावर भाऊ नाही लिहिलंत."

"नाहीच आहे."

"दहा खुणा जुळल्यात."

"चुलतभावांच्याही जुळत असतील."

"नाही जुळत. तुम्हालाही माहितीय."

"बस!" ओक्सिमने चमच्याने ताटावर टक् केलं. "सगळ्या पूर्वजांच्या समोर ही भाषा? माझी आई मरायच्या आधी याच्याकडून काय वचन घेऊन गेली माहितीय का तुला, पोरी? 'माझ्याशिवाय कुणाला आई म्हणायचं नाही.' याने हातात हात घेऊन शब्द दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज उघडायची कशाला?"

"कारण ते मरतायत, वन्सं," हेसुक म्हणाली.

आवाज अगदी साधा होता तिचा. अठ्ठावीस वर्षं हेसुकने या नणंदेपुढे मान वर केली नव्हती. सणाला तीन-तीन दिवस उभी राहून भजी तळली होती, आणि मीठ कमी म्हणून ऐकून घेतलं होतं.

"आठवड्यातून दोनदा दुसऱ्याचं रक्त घालतात अंगात," ती म्हणाली. "ते कुठल्या घराण्याचं असतं, विचारलंत कधी? कुठल्या तरी कॉलेजच्या पोराचं असेल. टॅक्सीवाल्याचं असेल. ते चालतं. आणि एका आईच्या दुधावर वाढलेल्या..." ती थांबली. म्हातारी समोरच बसली होती, डबा मांडीवर धरून, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं.

ओक्सिमने ताटातल्या माशाचे काटे निवडायला घेतले. मग खाली बघतच म्हणाली, "मला कुणी विचारतच नाही, मी का गेले होते तपासायला."

"बहीण म्हणून गेलीस, ताई," ग्यूसिक म्हणाला.

"जुळणार नाही हे मला कळत नव्हतं? एवढी अडाणी नाही मी. तरी नवा ड्रेस शिवून गेले सोलला. वाटलं..." तिचा आवाज फाटला, आणि तिला स्वतःचाच राग आला. "अट्ठावन्न वर्षं कागद पुजला. प्रत्येक श्राद्धाला याला मुलगा म्हणून पुढे उभं केलं आणि मी मागे उभी राहिले. वाटलं, एवढं केल्यावर रक्तालाही कळलं असेल. त्या बाईंनी सांगितलं, तुमचं काहीच जुळत नाही. स्टेशनवर बसून मी एक भाताची गुंडाळी खाल्ली आणि परत आले."

जोंगसिकने आपला वाडगा तिच्यापुढे सरकवला. ती एका दमात प्यायली, तोंड पुसलं, आणि म्हणाली, "घे त्याची मज्जा. आईला मी वर गेल्यावर समजावते. माझं ऐकायची ती कधीकधी."

मग जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. जोंगसिक हसायला लागला. हेसुक तोंडावर हात ठेवून रडायला लागली, आणि हसत पण होती. ग्यूसिकने मास्क खाली केला. त्याच्या ओठांना रंग नव्हता, पण डोळ्यांत कितीतरी महिन्यांनी चमक आली होती. "पुढच्या वर्षी," तो जोंगसिकला म्हणाला, "ते यंत्र मी पाठीवर घेणार. तू वाकडंतिकडं कापतोस. आजोबांची हजामत बघ कशी केलीयस."

"तुमच्यात माझंच रक्त वाहणार, दादा. तुम्हीही वाकडंच कापाल."

दाइनचा फोन वाजला.

ती उठून चेस्टनटच्या झाडांपर्यंत चालत गेली. झाडाखाली हिरवी काटेरी फळं पडली होती, अजून न उकललेली. समुपदेशक बाई आधी म्हणाल्या, तुम्ही बसलेल्या आहात का. दाइन बसली नाही. बाई हळू, स्पष्ट बोलत होत्या, एकेक गोष्ट पुन्हा सांगत होत्या. काकांच्या रक्तातही तोच जनुकीय दोष आहे. त्यांची मज्जा घेता येणार नाही. काकांना आज काही त्रास नाही, पण दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला लागेल. दोष आजींकडून आला आहे. त्यांच्यासारख्या कित्येक बायका शेवटपर्यंत ठणठणीत राहतात. पुरुषांना साठीच्या आसपास हा आजार होतो, तोही सगळ्यांना नाही. बाहेरच्या दात्यांच्या यादीत शोध सुरू करू. किती वेळ लागेल, दाइनने विचारलं. बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. आणि बाबांकडे किती वेळ आहे? त्यालाही त्या तेच म्हणाल्या.

इथून चटया दिसत होत्या. जोंगसिक उभा राहून कसली तरी नक्कल करत होता आणि बाबा पोट धरून हसत होते. तिला वाटलं, थोडा वेळ इथेच उभं राहावं. पाच मिनिटं. त्यांना तेवढं तरी मिळू दे. ती उभी राहिली. मग आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि आईपासून काही लपत नसे.

सांगायला फार शब्द लागले नाहीत.

जोंगसिक उभा होता तो उभाच राहिला. "पण दहा होते ना?" तो म्हणाला. "दहाच्या दहा म्हणालीस तू."

"दहा आहेतच, काका. पण दोषसुद्धा आहे. जो बाबांच्यात आहे तोच."

"मग धुऊन नाही का घेता येत? म्हणजे... काही औषध मारून?"

"नाही."

"म्हणजे मलाही..."

"होईलच असं नाही. लक्ष ठेवायचं."

तो खाली बसला. स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, मातीने भरलेले, गवताने चिरलेले, चांगले धडधाकट हात. "माझं काय घेऊन बसलात," तो म्हणाला. "दादा, मला माफ करा. मी उगाच बोललो. दाइन म्हणाली होती, थांबा म्हणून. मीच मेला..."

"जोंगसिक," ग्यूसिक म्हणाला, "गप बस." पण त्याने हातमोजा काढला आणि जोंगसिकच्या मानेवर हात ठेवला, आणि मातीची मनाई आहे हे हेसुकने या वेळी सांगितलं नाही.

"कुणाकडून?" म्हातारीने विचारलं.

सगळ्यांना वाटत होतं तिला ऐकू आलं नसेल.

"ते नक्की सांगता येत नाही, आजी," दाइन म्हणाली. "जुनं काहीतरी असतं. खूप पिढ्यांचं..."

"सोळा पोरांच्या का होईना, शाळेत शिकलेय मी, दाइन. कागद वाचून सही केलीय. कुणाकडून?"

दाइनने नजर चटईकडे वळवली.

म्हातारीने मान हलवली. "मला वाटलंच. आम्ही बामसिलला चार भावंडं. तीन भाऊ आणि मी. थोरला त्रेसष्टाव्या वर्षी गेला, मधला सहासष्टाव्या, धाकटा एकसष्टाव्या. तिघंही असेच पांढरेफटक. अंगावर निळे डाग. लोक म्हणायचे, तिथल्या विहिरीचं पाणी पातळ आहे. मी तिघांच्या मयताला गेले. मला कुणी विचारलंच नाही. तुमच्या ग्रंथात सुनेच्या भावांना जागा कुठे आहे?" ती तक्रार करत नव्हती. सांगत होती. "तीन महिन्यांपूर्वी कुणी येऊन विचारलं असतं तर सांगितलं असतं."

ग्यूसिकने मान खाली घातली. तो कागद त्याच्या डोळ्यांपुढे होता, त्यातला तो गोल, त्यावरची सरळ ओढलेली तिरपी रेघ. आई, नव्वदाव्या वर्षी, झोपेत. जिवंत बाईच्या जागेवर त्याने आपल्या हाताने रेघ मारली होती, पट्टी ठेवून.

म्हातारी सरकत त्याच्यापाशी आली. त्याला दत्तक दिल्यापासून ती त्याला अहोजाहो करत असे, थोरल्या घरचा वारस म्हणून.

"तुला देताना," ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं, पोराबरोबर काही पाठवायचं नाही. कपडेसुद्धा नाही. अंगातलं काढून ठेवलं आणि तिकडचं घातलं. भिंत एवढी कमरेइतकी. रात्री तू रडायचास ते मला ऐकू यायचं. ह्यांनी मला धरून ठेवलेलं असायचं. मी म्हणायचे, जाऊ दे, तिकडे भात पांढरा मिळतो त्याला. अट्ठावन्न वर्षं मला एकच वाटत आलं, की माझं म्हणून तुझ्यापाशी काहीसुद्धा नाही." तिने डब्याच्या झाकणाची कडी ओढायचा प्रयत्न केला. बोटं घसरली. "आणि होतं ते हे होतं. सगळं काढून घेतलं त्यांनी, आणि हेच तेवढं राहिलं."

असं काही ऐकल्यावर माणसाने काय म्हणायचं असतं ते कुठल्याच ग्रंथात नाही. शेवटी ओक्सिम उठली, म्हातारीच्या हातातून डबा घेतला, एका झटक्यात कडी ओढून झाकण काढलं आणि परत दिला. पूर्वजांच्या समोर, बत्तीस पिढ्यांच्या समोर.

"तिचा हात कापेल पत्र्याने," ती कुणालातरी रागावल्यासारखी म्हणाली.

म्हातारीने चमच्याने पीचची एक पिवळी फोड काढली. पाक तिच्या मनगटावरून ओघळला. ग्यूसिकने मास्क काढला. तोंड उघडलं, चौसष्ट वर्षांच्या माणसाने, सगळ्यांच्या देखत. हिरड्या दुखत होत्या म्हणून तो बराच वेळ ती फोड तोंडात घोळवत राहिला.

"गोड आहे का रे?"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले, थांबले. एक साधा शब्द, जोंगसिक दिवसातून पन्नासदा वापरायचा तो.

"उत्तर दे की," ओक्सिम म्हणाली. तिचे डोळे थोरल्या घराच्या थडग्यांकडे होते. "तुझी आई विचारतेय काहीतरी."

हेसुकने दाइनचा हात धरला. ग्यूसिकने घास गिळला, पुन्हा तोंड उघडलं, आणि जिभेला अट्ठावन्न वर्षांची जी सवय होती तेच तिने केलं.

"गोड आहे, काकू."

त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला, काहीतरी हातातून पडून फुटल्यावर होतो तसा. "नाही," तो म्हणाला, "नाही, थांबा, मला..."

"असू दे," म्हातारी म्हणाली. तिने रुमालाने त्याच्या हनुवटीवरचा पाक टिपला. त्यात थोडं रक्तही होतं, ते तिने बघितलं आणि कापड आत दुमडून घेतलं. मग दुसरी फोड चमच्यावर घेतली.

"आ कर," ती म्हणाली. "सावकाश खा."